उन्हाळ्यातही विहीर भरलेली, पण पाणी कुणाचं? सांडपाण्यावर भरणाऱ्या भूजलाची तपासणी कशी करायची

मुळा-मुठा पुण्यातनं बाहेर पडली की मांजरी, कोलवडी, थेऊर करत पुढं रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि तिथनं पाणी उजनीत जातं. पावसाळा सोडला तर या नदीत वाहतं ते बहुतेक शहराचं सांडपाणी, काही प्रक्रिया झालेलं, काही तसंच. तेच पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीतलं पाणी उपसायच्या विहिरीतून, उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात, म्हणजे आपल्या बेबी कालव्यात सोडतात. ठरलेलं प्रमाण वर्षाला ६.५ टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३१ कोटी लिटर. हे पाणी लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत करत उसाला जातं. आता पिकाला दिलेलं सगळं पाणी काही पीक पीत नाही, कालव्याच्या तळातनंही पाझरतं, नदीकाठच्या मुरमातनं आत शिरतं, आणि हे सगळं शेवटी येतं आपल्या विहिरीत आणि बोअरमध्ये.

म्हणून या पट्ट्यात मे महिन्यात पण विहीर भरलेली दिसते आणि लोक खूश असतात. खूश असायला हरकत नाही, पण भरलेली विहीर एवढंच सांगते की पाणी खाली मुरतंय. ते कुठून आलं, त्यात काय आलं आणि उद्या येईल का, हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि तिन्हीची उत्तरं एकत्र काढल्याशिवाय त्या विहिरीवर गावाची नळयोजना उभी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खाली जे लिहिलंय ते ग्रामपंचायत सदस्य, जलसुरक्षक (गावाच्या पाणीपुरवठ्याचं काम बघणारा), शेतकरी, कॉलेजची पोरं, कुणालाही करता येईल असं आहे, फक्त लॅबचा भाग लॅबकडं.

असं फक्त पुण्याखालीच चाललंय असं नाही. बंगळूरचं दुय्यम प्रक्रिया केलेलं सांडपाणी केसी व्हॅली योजनेतून २०१८ पासून कोलारच्या तलावांमध्ये सोडतात ते मुद्दाम भूजल भरावं म्हणूनच. मेक्सिको सिटीच्या उत्तरेला मेझक्विटल खोऱ्यात तर शंभरपेक्षा जास्त वर्षं शहराच्या सांडपाण्यावर शेती चालू आहे, तिथं जमिनीखालची पातळी इतकी चढली की नवे झरे फुटले आणि लोक तेच पाणी प्यायला वापरायला लागले. म्हणजे पाणी मिळतं, भरपूर मिळतं. तपासायचं ते पुढचं.

आधी चालायचं, मग मोजायचं

पहिल्या दिवशी कुठलंही मशीन नको. गावचा नकाशा घ्या, नसेल तर मोबाईलवरचा सॅटेलाईट फोटो प्रिंट करून घ्या आणि त्यावर नदी, कालवा, चाऱ्या, ओढे, गावचं गटार जिथं सुटतं ती जागा, शोषखड्डे, गोठे, उकिरडे, साखर कारखाना किंवा कंपनी असेल तर तिचं पाणी जिथनं जातं ती जागा, सगळं मांडा. मग प्रत्येक विहीर आणि बोअर. प्रत्येकाला नंबर द्या आणि विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटनं तो नंबर लिहा, कारण सहा महिन्यांनी दुसरा माणूस मोजायला गेला की "पाटलांच्या मळ्यातली" म्हणजे नक्की कुठली यावरून गोंधळ होतो.

आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला. हे काम घाईत उरकू नका. त्यांना विचारा की पूर्वी ही विहीर उन्हाळ्यात कितपत आटायची, आटायची कधी थांबली, पाण्याला वास किंवा फेस कधीपासून यायला लागला, मासे होते का, साबणाला फेस येतो का, डाळ शिजते का. डाळ शिजत नाही म्हणजे कठीणपणा वाढलाय, हे आपल्या बायकांना लॅबच्या आधी कळतं. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटल्यावर किती दिवसांनी विहिरीत फरक दिसतो हे तर जरूर विचारा, कारण त्या एका उत्तरात कालवा आणि विहीर यांचं नातं किती जवळचं आहे ते कळतं. दोन दिवसांत फरक म्हणजे फटीतनं थेट येतंय, महिन्यानं म्हणजे मुरमातनं हळू हळू गाळत येतंय.

खडक बघायला विहिरीत डोकवा

आपला खडक बेसाल्ट. वर माती, मग मुरूम, त्याखाली तडे गेलेला खडक, मग घट्ट काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या खडकाचा, म्हणजे छिद्रं-पोकळ्या असलेल्या बेसाल्टचा थर, कधी लाल गेरूसारखा पातळ पट्टा. पाणी खेळतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि तड्यांत, काळ्या पाषाणात जवळजवळ नाहीच. उघड्या विहिरीच्या भिंतीत हे थर डोळ्यांना दिसतात आणि झरे कुठल्या थरातनं सुटलेत तेही दिसतं, त्याचं माप टेपनं लिहून घ्या, मोबाईलनं फोटो काढा.

हे महत्त्वाचं कशासाठी तर वाळूच्या जाड थरातनं पाणी हळू हळू झिरपलं की जंतू बऱ्यापैकी गाळले जातात, मरतात. तड्याच्या खडकात तसं होत नाही, पाणी पाईपमधून गेल्यासारखं जातं, त्यामुळं परदेशातल्या वाळूच्या भागातले "विहीर इतके मीटर लांब असली की सुरक्षित" असले नियम आपल्या बेसाल्टला जसेच्या तसे लावू नका. आणि "आमची बोअर तीनशे फूट आहे, आमचं पाणी स्वच्छ" हे वाक्य मी खूप ठिकाणी ऐकतो. बोअरला केसिंग, म्हणजे बाजू ढासळू नये म्हणून घातलेला पाईप, असतं वरच्या मुरमापुरतं, वीस-तीस-चाळीस फूट, आणि त्या केसिंगच्या बाहेरची फट सिमेंटनं बुजवलेली नसते, त्यामुळं वरचं सांडपाणी केसिंगच्या कडेनं खाली उतरून तीनशे फुटांच्या बोअरमध्ये पडतं. खोली बघून काही ठरवू नका, केसिंग कुठपर्यंत आहे आणि पाणी कुठल्या थराला लागलं ते बोअरवाल्याला किंवा मालकाला विचारा.

पाण्याची पातळी, हाच खरा पुरावा

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, म्हणजे जीएसडीए, आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातनं चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. आपल्या कामाला एवढं पुरत नाही. महिन्यातनं एकदा मोजा आणि शिवाय आवर्तन सुटायच्या आदल्या दिवशी, मग सुटल्यावर आठवड्याला एकदा, आणि बंद झाल्यावर परत. मोजायचं लाईट यायच्या आधी, म्हणजे रात्रभर मोटर बंद असताना पातळी स्थिर झालेली असते. मोटर चालू असताना घेतलेलं माप फेकून द्या, ते त्या विहिरीचं नाही, मोटरीचं माप असतं. कठड्यावर एक खूण करा, दर वेळी तिथनंच टेप सोडा.

मग कागदावर आलेख काढा. कालव्यापासून लांबची, पावसावरची विहीर ऑक्टोबरला वर असते आणि मेपर्यंत सरळ उतरत जाते. सांडपाण्यावर भरणाऱ्या विहिरीचा आलेख तसा उतरत नाही, तो आवर्तनाबरोबर उड्या मारतो, कधी तर ऑक्टोबरपेक्षा फेब्रुवारीत पातळी वर. हा आकार दिसला की निम्मं उत्तर मिळालं. कालवा दुरुस्तीसाठी महिनाभर बंद राहिला तर ती संधी अजिबात सोडू नका, आठवड्याला दोनदा मोजा, कारण शहराचं पाणी थांबलं तर आपली विहीर किती वेगानं खाली जाते हे फुकटात कळतं.

पाणी कुठनं कुठं वाहतंय ते काढायला कमीत कमी तीन विहिरी लागतात, आणि त्या एका ओळीत नकोत, त्रिकोणात पाहिजेत. प्रत्येक कठड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची पाहिजे. इथं मोबाईलच्या जीपीएसवर विसंबू नका, उंचीत कित्येक मीटरची चूक येते. डंपी लेव्हलवाला (उंची मोजायच्या दुर्बिणीचा) सर्व्हेअर एक दिवस बोलवा. समजा अ विहिरीचा कठडा ५५२ मीटरवर, पाणी ४ मीटर खाली, म्हणजे पाणी ५४८ ला. ब चा कठडा ५५०.५, पाणी ५.५ खाली, म्हणजे ५४५. पाणी अ कडनं ब कडं चाललंय. अ कालव्याजवळ असेल तर कालवा विहिरीला पाणी देतोय. नदीचं पण असंच बघायचं, नदीतल्या पाण्याची उंची शेजारच्या विहिरीपेक्षा जास्त असेल तर नदी आत शिरतेय, कमी असेल तर विहिरीकडचं पाणी नदीत जातंय, आणि हे दर मोसमात उलटंसुलटं होऊ शकतं. मोठे पंप चालू झाले की तर नक्कीच उलटतं.

खिशातल्या पेननं पहिली चाळणी

सगळ्या विहिरींचं पाणी लॅबला द्यायचं तर खर्च परवडत नाही. त्यापेक्षा ईसी-टीडीएस पेन (ईसी म्हणजे पाण्यातनं वीज किती वाहते ते, टीडीएस म्हणजे विरघळलेले एकूण क्षार), पीएच पेन, थर्मामीटर आणि नायट्रेटच्या पट्ट्या घ्या आणि कालव्यापासून आडवी रेघ पकडून चला, कालव्यातलं पाणी, मग लगतची विहीर, मग अर्ध्या किलोमीटरवरची, मग टेकाडाच्या पायथ्याची. एका सकाळीत चित्र दिसतं. टेकाडाकडची विहीर, जिथं फक्त पावसाचं पाणी येतं, ती आपली तुलनेची विहीर, तिला जपा, कारण ती नसेल तर बाकी आकड्यांना काही अर्थ उरत नाही. पेन महिन्यातनं एकदा कॅलिब्रेशनच्या पाण्यात बुडवून तपासा. ईसी मायक्रोसीमेन्समध्ये येते, तिला ०.६५ नं गुणलं की टीडीएस अंदाजे निघतो.

या चाळणीतनं सहा-आठ विहिरी निवडा: तुलनेची एक, कालव्यालगत दोन, मधल्या दोन, गावठाणातली एक, आणि ज्या विहिरीवर पिण्याची योजना आहे ती. नदीचं आणि कालव्याचं पाणी पण लॅबला द्यायचंच, ते लोक विसरतात आणि मग कशाशी तुलना करायची तेच कळत नाही.

सॅम्पल नीट घेतलं नाही तर लॅब काही करू शकत नाही

बोअरमध्ये उभं राहिलेलं शिळं पाणी उपसून टाकायला लागतं. सहा इंची बोअरमध्ये एका मीटरला साधारण १८ लिटर पाणी असतं. समजा बोअर २०० फूट, म्हणजे ६१ मीटर, आणि पाणी १५ मीटरवर, म्हणजे ४६ मीटरचा स्तंभ, गुणिले १८, साधारण ८३० लिटर. त्याच्या तिप्पट, म्हणजे अडीच हजार लिटर उपसा. वीस लिटरची बादली दहा सेकंदात भरत असेल तर तासाला ७,२०० लिटर, म्हणजे वीसेक मिनिटं मोटर चालवा. तेवढ्यात दर पाच मिनिटांनी ईसी बघत राहा, सलग तीन वेळा सारखी आली की मग बाटली भरा. उघड्या विहिरीत काठावरचं शेवाळाचं पाणी घेऊ नका, मोटर चालू करून पाईपातनं घ्या.

जंतूंच्या तपासणीची बाटली लॅबकडनं निर्जंतुक केलेली आणा, तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, काठोकाठ भरू नका, आणि नळाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी असेल तर लॅबला आधी सांगा म्हणजे ते बाटलीत थायोसल्फेट घालून देतात, नाहीतर क्लोरीन बाटलीतच जंतू मारून टाकतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड, अमोनियाच्या बाटलीत सल्फ्युरिक, हे पण लॅबच घालून देते. सगळं बर्फाच्या डब्यात, आणि शक्यतो त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा. शुक्रवारी संध्याकाळी सॅम्पल घेऊ नका, शनिवार-रविवार ते कुठंतरी पडून राहतं. जिल्ह्याला आणि उपविभागाला जीएसडीएच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत, आधी तिथं विचारा, तिथं होत नाही ते मान्यताप्राप्त खाजगी लॅबला.

काय तपासायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० : २०१२, आकडे एका लिटरमागं मिलिग्रॅममध्ये. त्यात टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराईड २५० आणि १,०००. एकूण कठीणपणा २०० आणि ६००. नायट्रेट ४५, आणि याला सवलत नाही. अमोनिया ०.५, यालाही सवलत नाही. ई. कोलाय, म्हणजे मैल्यातनं येणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. रिपोर्टमध्ये "नायट्रेट" लिहिलंय की "नायट्रेट-नायट्रोजन" हे नीट बघा, कारण नायट्रोजन म्हणून मोजलं तर ४५ ची मर्यादा साधारण १० होते, आणि ११ आकडा बघून लोक निवांत होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात भले भले फसतात. नायट्रेट कमी म्हणजे पाणी सांडपाण्यापासून सुटलं असं नाही. सांडपाण्यात नत्र येतं ते अमोनिया म्हणून. जमिनीत हवा खेळती असेल तर बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, म्हणून पाझराच्या भागात नायट्रेट चढतं. पण जमीन कायम भिजलेली असेल, कालव्याच्या अगदी कडेला किंवा नदीच्या गाळात, तर प्राणवायू संपतो, मग बॅक्टेरिया नायट्रेटमधलाच प्राणवायू काढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जातो. नायट्रेट जवळजवळ शून्य. पण मग अमोनिया तसाच राहतो, खडकातलं लोह आणि मँगेनीज विरघळून येतं, सडक्या अंड्याचा वास येतो, बादली ठेवली की तासाभरात तांबूस-काळा साका बसतो. म्हणजे नदीलगतची नायट्रेट ५ ची विहीर टेकाडाकडच्या नायट्रेट ३० च्या विहिरीपेक्षा जास्त बिघडलेली असू शकते. म्हणून नायट्रेट, अमोनिया, लोह, मँगेनीज आणि विरघळलेला प्राणवायू हे पाचही एकत्र मागा. एकट्या नायट्रेटच्या पट्टीवर गावाचा निर्णय घेऊ नका.

जंतूंचंही एक टाळा: एक रिपोर्ट चांगला आला म्हणून वर्षभराचं सर्टिफिकेट समजू नका. पहिले मोठे पाऊस पडले की जमिनीवरचं सगळं धुऊन खाली जातं, जून-जुलैचा रिपोर्ट वर्षातला सगळ्यात वाईट येतो, तेव्हाच सॅम्पल घ्या. आणि विषाणू ई. कोलायपेक्षा जास्त टिकतात, जास्त लांब जातात, म्हणून कोलाय नाही म्हणजे कावीळ होणार नाही असं धरून चालता येत नाही.

लॅबचा रिपोर्ट खरा आहे का हे घरी बसून तपासता येतं. कॅल्शियम भागिले २०, मॅग्नेशियम भागिले १२.२, सोडियम भागिले २३, पोटॅशियम भागिले ३९, यांची बेरीज. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट भागिले ६१, क्लोराईड भागिले ३५.५, सल्फेट भागिले ४८, नायट्रेट भागिले ६२, यांची बेरीज. दोन्ही जवळपास सारख्या आल्या पाहिजेत, फरक दोन्हींच्या एकूण बेरजेच्या पाच टक्क्यांत. उदाहरण घेऊ: कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६.६, सोडियम ११५, पोटॅशियम ४, बेरीज येते १२.१. बायकार्बोनेट ३६६, क्लोराईड १४२, सल्फेट ४८, नायट्रेट ६२, बेरीज १२. उत्तम रिपोर्ट. शिवाय पहिल्या बेरजेला १०० नं गुणलं की ईसी साधारण तेवढी पाहिजे, इथं १,२०० च्या आसपास. फरक वीस-तीस टक्के आला तर लॅबला परत करायला सांगा, लाजू नका, पैसे आपण देतो.

या पाण्यात शहराचा वाटा किती

हिशोब सोपा आहे, सांभाळायचं मात्र बरंच आहे. क्लोराईड जमिनीत अडकत नाही, सडत नाही, म्हणून ते खूण म्हणून वापरतात. विहिरीतलं क्लोराईड वजा तुलनेच्या विहिरीतलं, भागिले कालव्यातलं वजा तुलनेच्या विहिरीतलं. समजा तुलनेची विहीर ३०, कालवा ११०, आपली विहीर ७८. म्हणजे ४८ भागिले ८०, साठ टक्के. विहिरीतल्या दहा बादल्यांमधल्या सहा शहरातनं आलेल्या.

पण आधी लॅबचा रिपोर्ट तपासताना घेतलेल्या उदाहरणातल्या विहिरीचं क्लोराईड १४२ होतं, कालव्यापेक्षाही जास्त, मग वाटा शंभर टक्क्यांच्या वर कसा? तीन कारणं बघा. एक, ऊस पाणी पितो आणि क्षार मागं ठेवतो, निम्मं पाणी पिकानं घेतलं की उरलेल्यात क्लोराईड दुप्पट होतं, आणि तेच पाणी परत विहिरीतनं उपसून परत शेताला दिलं की आणखी चढतं. दोन, म्युरेट ऑफ पोटॅश, ते पोटॅशियम क्लोराईडच आहे, उसाला पोती टाकली की क्लोराईड वाढणारच. तीन, गावातले शोषखड्डे. म्हणून क्लोराईडचा आकडा हा वरच्या टोकाचा अंदाज समजा. बजेट असेल तर बोरॉन बघा, ते डिटर्जंटमधनं येतं. त्याहून पक्कं पाहिजे असेल तर विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेला गाठा, सुक्रालोजसारखी कृत्रिम साखर किंवा कार्बामाझेपिन नावाचं फिट्सचं औषध भूजलात सापडलं तर ते युरियातनं येऊ शकत नाही, फक्त माणसांच्या सांडपाण्यातनंच येतं. नायट्रेटमधल्या जड नत्राचं प्रमाण मोजूनही खताचं नत्र आणि मैल्याचं नत्र वेगळं करता येतं, फक्त गोठ्याचं शेण आणि माणसाचा मैला त्या मोजणीत जवळजवळ सारखेच दिसतात.

कंपन्यांचं पाणी मिसळत असेल तर हे सगळं करूनही अपुरं आहे, तिथं क्रोमियम, शिसं, निकेल, कॅडमियम, आणि ती कंपनी जे बनवते त्याप्रमाणे सॉल्व्हंट तपासायला लागतात.

पाणी किती, आणि कुणाच्या भरवशावर

बेसाल्टमध्ये पाणी साठायला जागा फार थोडी. तडे गेलेल्या, मुरमाड बेसाल्टसाठी सरकारी मोजणीत साधारण दोन टक्के धरतात, म्हणजे शंभर घनमीटर खडक रिकामा केला तर दोन घनमीटर पाणी हाती येतं. शंभर हेक्टरवर आवर्तनानं पातळी एक मीटर चढली तर १०,००,००० चौरस मीटर गुणिले १ गुणिले ०.०२, म्हणजे २०,००० घनमीटर, दोन कोटी लिटर, आणि हे त्या काळात उपसलेलं सोडून. कालव्याच्या पाण्यावरच्या शेतात पातळी दहा मीटरच्या आत असेल तर दिलेल्या पाण्याचा पाव ते तिसरा हिस्सा खाली मुरतो असं धरायची पद्धत आहे, त्यावरनं पण ताळा घ्या. दोन्ही आकडे दूर दूर आले तर बहुतेक उपशाचा अंदाज चुकलेला असतो.

एका विहिरीची आवक काढायची असेल तर मोटरीनं खाली ओढा, मोटर बंद करा आणि पाणी परत चढताना दर दहा मिनिटांनी मोजा. सहा मीटर व्यासाची विहीर तासात वीस सेंटिमीटर चढली तर साडेपाच हजार लिटरच्या वर आवक. हे एकदा आवर्तन चालू असताना आणि एकदा बंद असताना करा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे आपण शहरावर किती अवलंबून आहोत त्याचं माप. उद्या शहरानं प्रक्रिया केलेलं पाणी उद्योगांना किंवा बांधकामांना दिलं किंवा आवर्तनच कमी केलं तर विहिरीत राहील तो दुसरा आकडा. बागायत वाढवताना, बँकेचं कर्ज घेताना, नळयोजनेचा प्लॅन करताना त्या दुसऱ्या आकड्यावर हिशोब करा.

मग वापर ठरवा, विहिरीप्रमाणे

लॅबच्या रिपोर्टच्या उदाहरणातलीच विहीर घ्या. नायट्रेट ६२, म्हणजे पिण्याला नाही. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याला या पाण्यात पावडरचं दूध करून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं, त्या घराला आजच सांगा, लॅबच्या दुसऱ्या रिपोर्टची वाट बघू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं. तुरटीनं जात नाही, यूव्हीनं जात नाही, साध्या कँडलच्या फिल्टरनं जात नाही. आरओनं कमी होतं, पण आरओमधनं बाहेर पडणारं जास्त क्षारांचं पाणी परत शोषखड्ड्यात सोडलं तर ते फिरून त्याच विहिरीत येतं. त्यामुळं पिण्यासाठी टेकाडाकडची विहीर किंवा बाहेरचा स्रोत, आणि ही विहीर वापराला, हा वेगळा पाईप टाकायचा खर्च गावानं करावा, तो वाया जात नाही.

टीसीएलबद्दल जलसुरक्षकांना खास सांगायचंय. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरीन आधी त्यालाच लागतं. एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन संपवायला आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन जातं, तोपर्यंत जंतू मारायला मोकळं क्लोरीन उरतच नाही. नेहमीचा डोस टाकला आणि ओटी टेस्टला (क्लोरीन बघायच्या नेहमीच्या तपासणीला) थोडा पिवळा रंग आला तरी तो अमोनियाला चिकटलेल्या क्लोरीनचा असू शकतो. अशा गावात डीपीडी गोळ्यांची टेस्ट वापरा, तिच्यात मोकळं क्लोरीन वेगळं दिसतं, आणि अमोनिया सतत वर असेल तर तो स्रोतच पिण्यासाठी सोडून द्या.

शेतीला मात्र हीच विहीर बरी आहे. सोडियमचा धोका बघायला सोडियमचा आधी २३ नं भागून आलेला आकडा, इथं ५, भागिले कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तशाच भागून आलेल्या आकड्यांच्या बेरजेच्या निम्म्याचं वर्गमूळ. बेरीज ७, निम्मे ३.५, वर्गमूळ १.८७, उत्तर २.७ च्या आसपास, जमीन चोपण (सोडियमनं घट्ट, निचरा न होणारी) व्हायची भीती कमी. ईसी १,२०० म्हणजे क्षार मध्यम ते जास्त गटात, भारी काळ्या जमिनीत निचरा नसेल तर काही वर्षांत क्षारपड होऊ शकते, म्हणून चर काढा, ठिबक वापरत असाल तरी अधूनमधून भरपूर पाणी देऊन क्षार खाली ढकला. आणि युरिया कमी करा. नायट्रेट ४५ म्हणजे नत्र १०, म्हणजे एका घनमीटरला १० ग्रॅम. एका हेक्टरला वर्षात १०,००० घनमीटर पाणी दिलं तर १०० किलो नत्र पाण्यातनंच गेलं, एकरी ४० किलो, युरियाच्या जवळपास दोन गोण्या. ते धरलं नाही तर खत वाया जातं आणि परत विहिरीत नायट्रेट बनून येतं. पालक, मेथी, कोथिंबीर, कच्ची खायची कुठलीही भाजी कालव्याच्या थेट पाण्यावर करू नका, विहिरीचं पाणी असलं तरी पानांवर न उडवता मुळाशी द्या.

सगळे आकडे एका वहीत, विहिरीच्या नंबराप्रमाणे, तारीख, आवर्तन चालू की बंद, शेवटचा पाऊस कधी, हे तिन्ही दर वेळी लिहून. पातळी दर महिन्याला, ईसी पेन दर महिन्याला, पूर्ण रासायनिक रिपोर्ट मे आणि ऑक्टोबरमध्ये, जंतू आणि अमोनिया पिण्याच्या विहिरीचे दर महिन्याला आणि जून-जुलैत दर पंधरा दिवसांनी. धातू वर्षातनं एकदा, कंपन्या असतील तर दोनदा. वहीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत आणि एक जीएसडीएच्या जिल्हा कार्यालयात द्या, आणि ज्या विहिरीचं पाणी प्यायचं नाही तिच्या कठड्यावर नंबराशेजारी लाल अक्षरात तसं लिहा.